गोचीड ताप : एक गाय जाते तेव्हा घराचे काय जाते?

पावसाळा सुरू झाला की वस्तीवस्तीतून त्याच तक्रारी कानावर येतात. गाय चारा खात नाही. रवंथ बंद आहे. काल सहा लिटर दूध देणारी आज लिटरभरावर आली. खांद्याच्या पुढे गाठ आली आहे. लघवी चहासारखी होते. आणि चार-पाच दिवसांनी निरोप येतो, गाय गेली.

दहा जनावरे असलेल्या बागायतदाराचे एक जनावर गेले तर त्याचे नुकसान होते. भूमिहीन घरातली एकुलती एक संकरित गाय गेली तर त्या घराचा महिन्याचा किराणा जातो, मुलीची कॉलेजची फी जाते, आणि बँकेचा किंवा बचत गटाचा हप्ता मात्र तसाच राहतो. आमच्या सामाजिक कामात आम्ही हे वारंवार पाहतो. यातली बरीच जनावरे ज्या आजाराने मरतात तो टाळता येतो आणि वेळेत ओळखला तर बराही होतो. त्याला गोचीड ताप म्हणतात. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांना या आजाराची नीट माहिती असेल तर अनेक घरे वाचतील, म्हणून हा लेख.

हा ताप नेमका कशामुळे होतो?

गोचीड ताप हे एका आजाराचे नाव नाही. गोचिडीमुळे पसरणाऱ्या दोन-तीन आजारांना आपण मिळून हे नाव देतो.

पहिला थायलेरिओसिस. थायलेरिया नावाचा एकपेशीय परजीवी जनावराच्या शरीरात शिरतो. तो आधी पांढऱ्या पेशींमध्ये वाढतो, त्यामुळे लसिका ग्रंथी सुजतात. नंतर तो लाल पेशींमध्ये जातो आणि जनावराला रक्तक्षय होतो. दुसरा बबेसिओसिस. यातला बबेसिया हा परजीवी थेट लाल पेशींत शिरतो, तिथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. फुटलेल्या पेशींतला लाल रंग मूत्रपिंडातून लघवीत उतरतो. म्हणून लघवी लालसर किंवा कॉफीसारखी दिसते. गावात याला ‘लाल मूत’ म्हणतात. तिसरा अ‍ॅनाप्लाझ्मोसिस. याचा जंतू परजीवी नसून जिवाणू आहे. तोही लाल पेशींवर हल्ला करतो, पण यात लघवी लाल होत नाही. तिन्हींची औषधे वेगवेगळी आहेत. म्हणून ‘गोचीड तापाचे इंजेक्शन द्या’ असे सांगून भागत नाही.

गीर, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ अशा देशी जनावरांत या आजारांना तोंड देण्याची ताकद तुलनेने जास्त असते. जर्सी आणि होल्स्टीन संकरित गायींना, विशेषतः त्यांच्या वासरांना, थायलेरिओसिस फार जोरात होतो. योजनेतून किंवा कर्जावर घेतलेली गाय बहुधा संकरित असते. दूध जास्त देते म्हणून ती घेतली जाते, पण या तापाचा धोकाही तिलाच जास्त असतो.

गुराखी बरोबर होते

बबेसिया हे नाव रुमानियाचे शास्त्रज्ञ व्हिक्टर बाबेश यांच्यावरून पडले. १८८८ मध्ये त्यांनी आजारी गुरांच्या लाल पेशींत हे सूक्ष्म जीव पाहिले. पण ते गुरांच्या अंगात जातात कसे, हे कोडे अमेरिकेत सुटले.

तिथे ‘टेक्सास ताप’ या नावाने हा आजार ओळखला जात होता. दक्षिणेतली गुरे उत्तरेकडे नेली की ती स्वतः धडधाकट राहत, पण ज्या कुरणातून ती गेली तिथली उत्तरेची गुरे मरत. आजार गोचिडींमुळे होतो असे अनेक गुराखी सांगत होते. बऱ्याच जाणकारांनी ते हसण्यावारी नेले. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी मात्र ती शक्यता तपासून पाहिली. त्यांनी दक्षिणेतल्या काही गुरांच्या अंगावरच्या गोचिडी हाताने वेचून काढल्या आणि मग ती उत्तरेच्या गुरांसोबत ठेवली. आजार पसरला नाही. दुसऱ्या कुरणात दक्षिणेचे एकही जनावर न आणता नुसत्या गोचिडी सोडल्या. तिथली गुरे आजारी पडली. १८९३ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कीटकवर्गीय प्राणी रक्तातला परजीवी पसरवतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा होता. डासांमधून हिवताप पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांचे सिकंदराबादमधले काम १८९७ चे, म्हणजे त्यानंतरचे.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. जनावरांमागे आयुष्य घालवणाऱ्या माणसाचे निरीक्षण कमी लेखू नये. आणि कोणतेही निरीक्षण तपासून घेतल्याशिवाय सत्य मानू नये.

गोचिडीचे आयुष्य समजून घ्या

अंगावर औषध फवारले, गोचिडी पडल्या, आणि महिन्याभरात पुन्हा तितक्याच झाल्या, हा सगळ्यांचा अनुभव आहे. असे का होते ते गोचिडीच्या जीवनचक्रावरून कळते.

रक्त पिऊन फुगलेली मादी जनावराच्या अंगावरून गळून पडते. भिंतीची भेग, दगडाखालची जागा, शेणाचा ढीग, गव्हाणीचा कोपरा अशा आडोशाला ती दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून सहा पायांची बारीक पिल्ले निघतात आणि गवताच्या पात्यावर चढून जनावराची वाट पाहत बसतात. म्हणजे अंगावर दिसणाऱ्या गोचिडी हा एकूण संख्येचा लहान भाग असतो. बाकीच्या गोठ्यात आणि गवतात असतात.

बबेसिया पसरवणारी गोचीड पिल्लापासून मोठी होईपर्यंत एकाच जनावराच्या अंगावर साधारण तीन आठवडे राहते. तिच्या पोटातला परजीवी तिच्या अंड्यांत उतरतो. त्यामुळे तिची पिल्ले जन्मापासूनच आजार घेऊन येतात. थायलेरिया पसरवणारी हायलोमा जातीची गोचीड वेगळी वागते. ती लहान असताना आजारी जनावराचे रक्त पिते, खाली उतरून भेगेत कात टाकते आणि मोठी होऊन दुसऱ्या जनावराला चिकटते. तिच्या अंड्यांत हा परजीवी जात नाही, पण भेगाळलेला गोठा हे तिचे घर असते.

आणखी एक गोष्ट उपयोगाची आहे. हायलोमा चिकटल्याबरोबर थायलेरिया जनावराच्या रक्तात जात नाही. गोचिडीच्या लाळग्रंथीत तो तयार व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. रोज कान, कास, शेपटीखालची जागा, मांड्यांमधली आणि मानेखालची कातडी हाताने चाचपून गोचिडी काढल्या तर धोका बराच कमी होतो.

लक्षणे

गायीचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. गोचीड तापात ते १०४ ते १०७ पर्यंत जाते. गुरांचा थर्मामीटर महाग नसतो. वस्तीत एक जरी असला तरी सगळ्यांची सोय होते.

थायलेरिओसिसमध्ये खांद्यापुढची किंवा मांडीपुढची गाठ सुजते. डोळ्यांतून व नाकातून पाणी येते, धाप लागते, खोकला येतो. वासरांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसू शकतात. पुढे डोळ्याच्या आतली त्वचा आणि हिरड्या पांढऱ्या पडतात, नंतर पिवळट होतात. बबेसिओसिसमध्ये ताप, लालसर-काळपट लघवी, कावीळ आणि वेगाने येणारा अशक्तपणा दिसतो. गाभण गाय गाभ टाकू शकते. अ‍ॅनाप्लाझ्मोसिसमध्ये ताप, बद्धकोष्ठ, झपाट्याने खंगणे आणि कावीळ ही चिन्हे असतात.

तिन्हींमध्ये पहिली खूण एकच असते. अंगावर गोचिडी आहेत, ताप आहे आणि जनावराने चारा सोडला आहे. एवढे दिसले की पुढच्या लक्षणांची वाट पाहू नये.

पहिल्या चोवीस तासांत काय करावे?

पहिले काम पशुवैद्यकाला बोलावण्याचे. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी फोन करता येतो. तालुक्याच्या आणि जवळच्या गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर प्रत्येक घरात भिंतीवर लिहिलेला हवा.

दुसरे काम रक्ततपासणीचा आग्रह धरण्याचे. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर पातळ थर काढतात आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हे औषध देण्याआधी, ताप असतानाच केले तर निदान पक्के होते. थायलेरिओसिसवर बुपार्वाकोन, बबेसिओसिसवर डिमिनाझीन किंवा इमिडोकार्ब आणि अ‍ॅनाप्लाझ्मोसिसवर ऑक्सिटेट्रासायक्लिन ही औषधे वापरली जातात. मात्रा जनावराच्या वजनावर ठरते आणि ती पशुवैद्यकानेच ठरवायची असते. रक्त फारच कमी झाले असेल तर गायीला दुसऱ्या निरोगी जनावराचे रक्तही देता येते. हे अनेकांना माहीत नसते, म्हणून विचारले जात नाही.

तिसरे काम सुईवर लक्ष ठेवण्याचे. एकच सुई अनेक जनावरांना वापरली की रक्तातले जंतू सुईतूनही जातात. प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरा, हे सांगताना संकोच करू नका.

आता काय करू नये ते. खांद्यापुढची गाठ पाहून तापलेल्या सळईने डागण्याची पद्धत अजून अनेक गावांत आहे. ती गाठ आतल्या परजीवीमुळे सुजलेली असते. डाग दिल्याने परजीवी मरत नाही. जनावराला वेदना होतात, जखम चिघळते आणि उपचाराचे दोन मोलाचे दिवस जातात. दृष्ट लागली, बाहेरचे झाले, देवीचा कोप झाला असे सांगून उतारा करायला लावणारेही भेटतात. त्यांना दिलेले पैसे आणि वेळ दोन्ही गायीच्या उपचारातून वजा होतात. ज्या आजाराचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहता येते, त्यासाठी अंगारा कशाला?

ताप येऊच नये म्हणून

पहिला नियम, सगळ्यांनी एकाच दिवशी फवारणी करावी. एका घराने केली आणि शेजारच्याने केली नाही तर आठवड्यात गोचिडी परत येतात. वस्तीतल्या गायी, बैल, म्हशी, शेळ्या यांची फवारणी ठरवून एकत्र करायला हवी. अंड्यांवर औषधाचा परिणाम होत नसल्याने दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा फवारावे लागते.

डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ, फ्लुमेथ्रिन ही गोचीडनाशके बाजारात मिळतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच ती वापरावीत. ‘जास्त टाकले की लवकर मरतात’ हा समज धोक्याचा आहे. जनावराला आधी पाणी पाजावे, भर उन्हात फवारू नये, जखमेवर, डोळ्यांत, तोंडात औषध जाऊ देऊ नये, अंग वाळेपर्यंत चाटू देऊ नये. फवारणाऱ्याने हातमोजे घालावेत, नाकातोंडावर फडके बांधावे. पिकावरचे कीटकनाशक गुरांच्या अंगावर कधीही मारू नये. त्याने विषबाधा होऊन जनावर मरते. वर्षानुवर्षे एकच औषध वापरले की गोचिडी त्याला दाद देईनाशा होतात, म्हणून सल्ल्याने औषध बदलावे. इंजेक्शन किंवा औषध दिल्यावर दूध किती दिवस वापरायचे नाही, हेही विचारून घ्यावे.

दुसरा नियम, गोठ्याकडे तितकेच लक्ष द्यावे. भेगा सिमेंटने किंवा मातीने बुजवाव्यात, भिंतींना चुना लावावा, शेणाचा ढीग गोठ्यापासून लांब ठेवावा, भोवतालचे गवत कापावे. भेगांमध्येही औषध फवारावे. काही ठिकाणी ज्वालेने भिंती शेकतात. पक्क्या भिंतीला ते चालते, पण कुडाच्या किंवा गवताने शाकारलेल्या गोठ्यात हा प्रयोग करू नये. गावरान कोंबड्या गोठ्यातल्या गोचिडी वेचून खातात, त्यांचाही हातभार लागतो. निंबोळी अर्काने गोचिडी कमी व्हायला मदत होते, मात्र आलेला ताप त्याने उतरत नाही.

तिसरा नियम नव्या जनावराबाबत आहे. बाजारातून आणलेली गाय प्रवासाने थकलेली असते. कधी तिच्या रक्तात आजार दबून बसलेला असतो आणि ताण पडला की उसळतो. कधी ती गोचिडी कमी असलेल्या भागातून आलेली असते आणि इथल्या गोचिडींना सरावलेली नसते. तिला दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे, गोचिडी काढाव्यात, रोज ताप पाहावा. बरी झालेली गायही परजीवी अंगात बाळगून राहू शकते, हे लक्षात ठेवावे.

थायलेरिओसिससाठी आपल्या देशात तयार होणारी लस आहे. संकरित जनावरांना आणि वासरांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती देता येते. तिची साठवण अतिथंड तापमानात करावी लागते, त्यामुळे ती सगळीकडे सहज मिळत नाही. मागणी एकत्रितपणे नोंदवली तर ती मिळवणे सोपे जाते. बबेसिओसिससाठी मात्र आपल्याकडे लसीवर विसंबता येत नाही. तिथे गोचीड नियंत्रण हाच उपाय.

माणसांना धोका आहे का?

आपल्याकडच्या गायींचा थायलेरिओसिस किंवा बबेसिओसिस माणसाला होतो असे मानले जात नाही. दूध नेहमीप्रमाणे उकळून वापरावे.

पण बबेसियाच्या इतर काही जाती माणसाला आजारी करतात. १९५७ मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, झाग्रेबजवळच्या एका तरुण शेतकऱ्यात हा आजार प्रथम नोंदवला गेला. त्याची प्लीहा आधी काढून टाकलेली होती. तो वाचला नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या नॅनटकेट बेटावर आणखी एक रुग्ण सापडला, आणि आज अमेरिकेच्या ईशान्य भागात हा ओळखीचा आजार आहे. तिथे तो हरणांवर वाढणाऱ्या बारीक गोचिडीमुळे होतो, कधी रक्त चढवल्यामुळेही होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो हिवतापासारखाच दिसू शकतो.

प्लीहा नसलेल्या किंवा निकामी झालेल्या माणसाला हा आजार जिवावर बेततो. सिकलसेलच्या रुग्णांची प्लीहा लहान वयातच निकामी होत जाते. विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. त्या कुटुंबांतली मुले आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी बोस्टन, न्यूयॉर्क, न्यूजर्सीकडे जातात. सिकलसेल असलेल्यांनी तिथे उन्हाळ्यात झाडीतून फिरून आल्यावर अंग तपासावे आणि ताप आला तर गोचीड चावल्याचे व सिकलसेलचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

महाराष्ट्र-गोव्यातला माणसांचा धोका वेगळा आहे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गेल्या दशकात माकडतापाचे रुग्ण आढळले. तो गोचिडींमुळे होतो, पण त्याचे कारण विषाणू आहे. काजूच्या बागेत, जंगलात काम करणाऱ्यांना त्याची लागण होते. हायलोमा गोचिडीमुळे पसरणारा क्रिमियन-काँगो ताप २०११ मध्ये गुजरातमध्ये प्रथम आढळला. तोही विषाणूजन्य आणि घातक आहे. म्हणून गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नये. आपल्या घरांत हे काम बहुतेक बायका आणि मुली करतात, नखावर नख दाबून. त्याऐवजी हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून, चिमट्याने गोचीड कातडीलगत धरावी, सरळ ओढावी आणि साबणाच्या पाण्यात किंवा रॉकेलमध्ये टाकावी.

जनावर मेले तर

१९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. मेलेली गुरे ओढण्याचे काम जातीने लादलेले होते आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ते किंमत मोजून नाकारले. आजही एखाद्या गावात मेलेले जनावर उचलायला ठराविक वस्तीकडेच निरोप येत असेल तर तो नाकारलाच पाहिजे. विल्हेवाट ही मालकाची आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. खोल खड्डा, चुना, हातमोजे ही त्याची रीत. उघड्यावर टाकलेल्या जनावराच्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि दुसरे जनावर शोधतात.

विमा असेल तर पुरण्याआधी विमा कंपनीला आणि पशुवैद्यकाला कळवावे, शवविच्छेदनाचा अहवाल घ्यावा. कानातला बारा अंकी बिल्ला हा त्या गायीचा पुरावा असतो. तो गळून पडला तर गाय जिवंत असतानाच नवा मारून घ्यावा. बिल्ल्यावाचून दावे अडकतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

अनुसूचित जातींच्या कुटुंबांना दुधाळ जनावरे आणि शेळ्या घेण्यासाठी ७५ टक्के अनुदानाच्या योजना आहेत. पण गाय मिळते आणि गोठा मिळत नाही. कुडाच्या भिंतीला, मातीच्या जमिनीला बांधलेली संकरित गाय म्हणजे गोचिडींना आमंत्रण. रोजगार हमीशी जोडलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत २ ते ६ जनावरांच्या पक्क्या गोठ्यासाठी ७७,१८८ रुपयांची तरतूद करण्यात आली होती. गायीचा अर्ज भरून देताना गोठ्यासाठी सध्या काय उपलब्ध आहे हे पंचायत समितीत विचारून त्याचाही अर्ज त्याच दिवशी भरावा. जागा नावावर नाही म्हणून अर्ज अडतो तिथे जागेचा प्रश्न ग्रामसभेत मांडावा.

मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस पडण्याआधी, वस्तीतल्या विहारात किंवा समाजमंदिरात पशुवैद्यकाला बोलावून एक बैठक घ्यावी. जनावरांची यादी करावी, फवारणीचा दिवस ठरवावा, वर्गणीतून एक फवारणी पंप, एक थर्मामीटर आणि हातमोजे घ्यावेत. बैठकीला बायकांना पुढे बसवावे, कारण गाय आज कशी उभी आहे हे त्यांना सगळ्यांत आधी दिसते. वस्तीतल्या दोन मुलामुलींनी ताप मोजायला शिकावे आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा गोठ्यांवर फेरी मारावी.

या सगळ्याचा खर्च वस्तीतल्या एका गायीच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी आहे. यंदाच्या पावसाळ्याआधी तुमच्या वस्तीत निदान यादी तरी तयार करा.